बिनआट्याची बंदूक

मंगळवेढ्यात ‘हे काम होणार नाही’ असं तोंडावर सांगणारा कारागीर कुणी मला दाखवला, तर मी त्याला मालदांडी ज्वारीचं पोतं घरपोच देईन. वस्तू कुठलीही न्या. तो ती हातात घेतो, उलटीपालटी करतो, नखाने खरवडतो आणि म्हणतो, “होतंय की! काय अवघड हाय त्यात?” आणि काम होतंच. फक्त त्यानंतर ती वस्तू पहिल्यासारखी कधी होत नाही. आमच्या मिक्सरला पंख्याचा रेग्युलेटर बसवलेला आहे. पाचावर नेला की मिक्सर ओट्यावरून भिंतीकडे चालायला लागतो. तरी घरात नवा मिक्सर येत नाही, कारण जुना ‘दुरुस्त’ आहे.

अशा या गावात माझ्या भाच्याने बिनआट्याच्या बंदुकीला आट्यांचा भाग बसवायला काढला. बंदूक त्याची, हौस त्याची, आणि दोन्ही मागच्या सीटवर घेऊन गावभर फिरणारी मोटरसायकल माझी.

याचं मूळ पॅरिसमध्ये आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुण मिळवून ऑलिंपिकचं कांस्यपदक जिंकलं. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत मिळवलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, म्हणजे ७२ वर्षांनी. सगळा महाराष्ट्र आनंदला. माझा भाचा मात्र नुसता आनंदत नाही, तो खरेदी करतो. टीव्हीवर कुणी काही जिंकलं की चार दिवसांत आमच्या दारात पार्सल येतं. नीरज चोप्राच्या टोकियोतल्या सुवर्णपदकानंतर आलेला भाला आज गच्चीवर वाळवणाच्या दोरीला आधार देऊन उभा आहे आणि त्याने कुठल्याही खेळाडूपेक्षा जास्त पापड वाळवले आहेत.

“मामा, स्वप्नील रेल्वेत टीसी हाय,” भाचा म्हणाला. “नोकरी करून मेडल आणलं. मला तर नोकरीपण न्हाई. माझ्याकडं टायमच टायम हाय.”

या युक्तिवादापुढे ताईने हात टेकले आणि गणपतीच्या आत घरात एअर रायफल आली. पॉइंट वन सेव्हन सेव्हन, म्हणजे साडेचार मिलिमीटरच्या नळीची. या मापाच्या आणि २० ज्यूलच्या आत जोर असलेल्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. नळी मधे मोडून खाली दाबायची, आतली स्प्रिंग ताणली जाते. कंबर आवळलेला शिशाचा छर्रा घालायचा, नळी सरळ करायची आणि घोडा ओढायचा. स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो, हवा दाबली जाते आणि छर्रा निघतो. बंदूक त्या वेळी आधी मागे आणि मग पुढे असा धक्का देते. म्हणजे बंदुकीचंच ठरलेलं नसतं की कुठे जायचं. ती भाच्याच्या हाती पडली म्हणजे अनिश्चिततेला कसली सीमाच उरली नाही.

घरात बंदूक आली ती ऑलिंपिकसाठी, पण थोरल्या आत्याला तसं सांगता येत नव्हतं. तिला सांगितलं, रानातली पाखरं राखायला आणली.

हे कारण मंगळवेढ्यात खपतं. आमचा शिवार म्हणजे काळीभोर जमीन आणि नजर जाईल तिथवर रब्बीची ज्वारी. या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याआधी कित्येक पिढ्या ते पाखरांनी दिलेलं होतं. दाणा दुधात आला की चिमण्या, पोपट, साळुंक्या येतातच. वर हजारांच्या थव्याने भोरड्या येतात. ही गुलाबी मैना उन्हाळ्यात मध्य आशियाकडे पिल्लं वाढवते आणि हिवाळ्यात पार डोंगर-वाळवंटं ओलांडून आमच्या हुरड्याला हजर होते. पुण्याचे पाहुणे निदान आदल्या दिवशी फोन तरी करतात. दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाचं धान्याचं कोठार लोकांसाठी उघडलं ही गोष्ट आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. कोठार पुढे बंद झालं, हे मात्र पाखरांना अजून कुणी कळवलेलं नाही.

आता या पाखरांवर बंदूक चालवता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे आणि पोपट मारला तर पोपटाचं काही जात नाही, आपली कोर्टाची वारी सुरू होते. भाच्याला हे मी समजावून सांगितलं.

“मारायची न्हाईतच मामा. नुसती भ्यावायची.”

“आवाज तर ‘फट्’ एवढाच येतो. चिमणीसुद्धा मान वळवत नाही.”

“म्हणूनच तर पार्ट मागवलाय,” तो म्हणाला.

पार्ट आला. काळं कुळकुळीत, बोटभर लांबीचं ॲल्युमिनियमचं नळकांडं, दोन्ही अंगांना तिरप्या भोकांच्या रांगा. नाव मझल ब्रेक. सिनेमात हेलिकॉप्टरमधून उतरणाऱ्या माणसांच्या बंदुकीला पुढे असतं तसलं. खऱ्या काडतुसाच्या रायफलीत दारूचा वायू गोळीमागून फुसांडत बाहेर येतो. तो या भोकांतून बाजूला वळवला की खांद्याला बसणारा दणका कमी होतो, असं त्याचं शास्त्र आहे. हवेच्या बंदुकीत दारू नाही, वायू नाही, दणका देते ती मागची स्प्रिंग. तेव्हा पुढे ब्रेक लावल्याने काय होतं? दिसायला चांगलं दिसतं. आणि आवाज वाढायचा तर प्रश्नच नव्हता.

हे भाच्याला कळत नव्हतं असं नाही. कळून काय करायचं? आमच्या गल्लीतल्या निम्म्या मोटारींच्या मागे स्पॉयलर आहेत आणि त्या मोटारी ताशी चाळीसच्या वर गेलेल्या मी पाहिल्या नाहीत. मी स्वतः मनगटावर पन्नास मीटर खोल पाण्यात चालणारं घड्याळ बांधतो आणि हात धुताना ते काढून खिडकीत ठेवतो.

घोडं अडलं ते निराळ्याच जागी. ब्रेकच्या आत आटे होते, अर्ध्या इंचाचे, इंचाला वीस. बंदुकीच्या नळीवर आटे नव्हते. नळी टोकापर्यंत गुळगुळीत, हात फिरवला तर सरकून पुढे जाईल अशी. भाच्याने ब्रेक टोकावर ठेवला, फिरवला, पुन्हा फिरवला, श्वास रोखून फिरवला. ब्रेक नुसता गोल फिरत राहिला.

“मामा, गाडी काढा.”

बंदूक उघडी न्यायची नाही म्हणून ताईने ती सोलापुरी चादरीत गुंडाळून दिली. संतांच्या गावात चादरीत गुंडाळलेली लांब वस्तू मांडीवर घेऊन कुणी निघालं, तर लोकांना दुसरी शंका येत नाही. पहिल्याच वळणावर एका माळकऱ्यांनी हात जोडले. “वीणा का? कुठं हाय सप्ता?” मी हात जोडून पुढे निघालो. त्यानंतर आठवडाभर मला गावात ‘माऊली’ म्हणून हाका येत होत्या आणि एकाने अभंगाची चाल विचारली.

सायकलवाल्याकडे पहिला मुक्काम. भाचा म्हणाला, “ब्रेक बसवायचाय.”

“पुढचा का मागचा?”

“पुढचा. बंदुकीला.”

सायकलवाल्याने चादर बाजूला केली आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे नळीला डोळा लावून आत पाहिलं. मी ओरडलो. भाचा म्हणाला, “मामा, भरलेली न्हाई.” हे वाक्य वर्तमानपत्रात नेहमी बातमीच्या शेवटच्या ओळीत येतं. पण गावात नंतर ज्याच्या ज्याच्या हातात ती बंदूक गेली, त्याने आधी तिच्या तोंडात पाहिलं आणि मग आमच्या तोंडाकडे. सायकलवाल्याने जुन्या ट्यूबचा तुकडा कापला, नळीवर चढवला, त्यावर ब्रेक दाबून बसवला आणि म्हणाला, “झालं की! काय अवघड होतं त्यात?” आम्ही गाडीवर बसेपर्यंत ब्रेक त्याच्या पंक्चरच्या पाण्याच्या घमेल्यात होता.

प्लंबरचं म्हणणं पडलं की आटे नसले तरी गळती थांबवता येते. गळती नाहीच, असं भाचा सांगत असताना त्याने नळीला पांढरी टेप गुंडाळायला सुरुवातही केली होती. त्याचे वडील शेजारी बसले होते. ते म्हणाले, “ह्या टेपचं काय खरं न्हाई. आमच्या वेळी सुतळी आन् सफेदा. नळ गंजून गेला तरी जोड सुटत नव्हता.” मग बापलेकांत टेप श्रेष्ठ की सुतळी यावर वाद पेटला, आणि तो रंगात असताना गिऱ्हाइकांनीही बाजू घेतल्या. आम्ही बंदूक उचलून निघालो तेव्हा तिच्या तोंडाला सफेदा लागलेला होता आणि ती दूध पिऊन आल्यासारखी दिसत होती.

वेल्डर एका शब्दाचा माणूस. “टाका मारू?” असं म्हणून त्याने डोळ्यांवर काच ओढली. आम्ही बंदुकीसकट पळालो.

त्याच दिवसांत विधानसभेची निवडणूक लागली. १५ ऑक्टोबरला आचारसंहिता आली आणि परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याची धांदल सुरू झाली. आमच्या शेजारच्या बागायतदारांनी आपली बारा बोअर जमा करायच्या आधी पुसली, तिला तेल लावलं, दिवाणखान्यात तिच्याबरोबर फोटो काढला आणि पावती पाकिटात लक्ष्मीच्या फोटोमागे ठेवली. एरवी वर्षभर ती बंदूक कपाटावर असते आणि तिच्यावर जुनी मासिकं असतात. अशा वातावरणात आम्ही चादर घेऊन दामाजी मंदिराच्या रस्त्याने निघालो आणि हवालदारसाहेबांनी हात केला.

“काय हाय त्यात?”

मी ‘वीणा’ म्हणणार तेवढ्यात भाचा म्हणाला, “बंदूक.”

“हवेची,” मी घाईने म्हणालो. “हवेवर चालते.”

“सध्या गावात सगळंच हवेवर चाललंय. उघडा.”

त्यांनी पावती पाहिली, भाच्याचं आधार कार्ड पाहिलं, शिरस्त्याप्रमाणे नळीत पाहिलं आणि ब्रेक हातात घेऊन कपाळाला आठी घातली. “सायलेन्सर?”

“न्हाई साहेब, ब्रेक.”

“मग हरकत न्हाई. सायलेन्सरनं डोकं उठलंय आमचं.” आणि मग त्यांनी भर रस्त्यात बुलेटवाल्यांचं गाऱ्हाणं सुरू केलं. मूळचा सायलेन्सर काढतात, फटाके वाजणारा बसवतात, रात्री बारानंतर फेऱ्या मारतात. महाराष्ट्रात ठिकठिकाणी पोलिसांनी असले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांच्यावरून रोडरोलर फिरवला, तरी हौस कमी होत नाही. निरोप घेताना ते हळूच म्हणाले, “पण ह्ये बसवून घ्या नीट. माझ्या वळखीचा टर्नर हाय. होतंय त्येच्याकडं.” पोलिसांकडून अशी मदत मिळेल, असं आचारसंहितेत कुठे लिहिलेलं नव्हतं.

टर्नरकडे लेथ होता आणि लेथसमोरच्या बाकड्यावर साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक फिटरकाका बसलेले होते. कामाचं बोललं असं या सगळ्या यात्रेत तेच एकटे. त्यांनीही नळीत पाहिलं, पण आधी ती मोडून, पाठीमागून, उजेडाकडे धरून. मग व्हर्निअर मागितला.

“आटे पाडता येत्यात,” ते म्हणाले. “पर नळी उतरवावी लागंल. चकात धरायची ती बाहेरच्या अंगानं न्हाई, भोकाच्या मध्यावर. बाहेरचा गोल आन् आतलं भोक एका रेषेत असतंयच असं न्हाई. डायल लावून बघावं लागतं. अर्धा केस इकडंतिकडं झालं की ह्ये नळकांडं वाकडं बसणार आन् छर्रा आतूनच कडंला घासणार. वर आटे पाडलं की तेवढी नळीची भिंत बारीक होती. ह्ये सगळं होतंय.” ते थांबले. त्यांनी ब्रेक चाचपला, भोकं मोजली. “होतंय सगळं, पर कशाला?”

दुकानात एकदम शांतता पसरली. हा प्रश्न इतक्या दिवसांत कुणी विचारलाच नव्हता. भाच्याने माझ्याकडे पाहिलं, मी टर्नरकडे पाहिलं, टर्नरने लेथकडे पाहिलं. गिऱ्हाईक हातचं जातंय हे ओळखून टर्नर पुढे सरसावला. “काका, नळी उतरवायचीच न्हाई. एक बुश काढतो. आतून सपाट, बाहेरून आटे. नळीवर सरकवायचा, बाजूनं बारकं स्क्रू आवळायचं. होतंय की!”

फिटरकाकांनी व्हर्निअर डबीत ठेवला आणि चहा मागवला.

बुश बसवायला नळीचं टोक मोकळं हवं. तिथे तर माशी. बंदुकीची माशी म्हणजे पुढचा तो बारीक उंचवटा, जो मागच्या खाचेत धरून नेम साधतात. “ही मधी येतीया,” टर्नर म्हणाला आणि भाच्याने होकार द्यायच्या आत त्याने हातोडीने दोन टोले मारून माशी उडवली. ती उडाली ती लोखंडाच्या किसात पडली. आम्ही तिघे उकिडवे बसून अर्धा तास किस चाळत होतो. सापडले ते बारा नंबरचे नट, एक अंगठी आणि २००५ सालचं एक लायसन. माशी सापडली नाही.

बुश बसला, त्यावर ब्रेक बसला. कबूल करायला हवं, बंदूक देखणी दिसत होती. नुसता नेम कुठून धरायचा, एवढाच प्रश्न उरला होता.

“दुर्बीण लावू,” भाचा म्हणाला. “दुर्बिणीला माशी लागत न्हाई.”

दुर्बीण आली. तिला बसायला बंदुकीच्या पाठीवर पट्टी लागते, ती आली. पट्टीला पकडी लागतात, त्या वेगळ्या मापाच्या आल्या, त्या परत गेल्या, दुसऱ्या आल्या. सगळ्या सामानाची बेरीज बंदुकीच्या किमतीच्या पुढे गेली तेव्हा ताईने हिशेब मांडायचं सोडून दिलं. त्यात भाच्याने सोलापुरातल्या एका नेमबाजी प्रशिक्षकांना फोन केला. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर मधला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, हे ऐकून तो डगमगला नाही. मग त्याने अभिमानाने ब्रेकचं वर्णन केलं. पलीकडून शांतपणे उत्तर आलं की आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या नियमांत रायफलला मझल ब्रेक चालत नाही. तिथे दुर्बीणही चालत नाही, त्यामुळे तीही सोबत बाद झाली.

“ऑलिंपिकवाल्यांनी आधी सांगायचं ना,” भाचा फोन ठेवून म्हणाला.

अखेर हुरड्याच्या दिवसांत प्रात्यक्षिक ठरलं. रानात आगटी पेटलेली, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसलेली, थोरली आत्या कणीस चोळून गरम हुरडा सुपात झाडत बसलेली. बांधावर डालड्याचा डबा ठेवला, मोजून दहा मीटरवर. आत्याने बंदुकीकडे एकदा नीट पाहिलं.

“व्हय रं, त्या फुकणीला येवढं काय काय बांधलंयस?”

पहिला मान मामाचा म्हणून बंदूक माझ्याकडे आली. स्प्रिंग ताणायला नळी मोडायची, आणि नळी मोडायची तर ती पुढच्या टोकाला धरूनच. म्हणजे नेमका ब्रेकच मुठीत येतो. हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. मी जोर लावला, बुश फिरला, ब्रेक वाकडा झाला. भाच्याने तो अंदाजाने सरळ केला, वर टेप गुंडाळली. मी श्वास रोखला. पोट आणि श्वास हे माझे एकाच वेळी आत राहत नाहीत, तेव्हा पोट सोडलं. डावा डोळा मिटला. दुर्बिणीत काहीच दिसेना. मग उजवा मिटून पाहिला, तेव्हा कळलं की दुर्बिणीचं झाकण काढलेलं नाही. झाकण काढलं तर डबा इतका जवळ दिसला की मी दचकलो आणि दचकताना घोडा ओढला गेला.

‘टिंग’ असा आवाज झाला. डबा जागच्या जागी. ब्रेक मात्र बुशासकट सुटून, टेपचं शेपूट नाचवत आगटीत जाऊन पडला. छर्रा कुठे गेला ते आजतागायत कळलं नाही. फिटरकाकांनी कडेला घासेल म्हणून सांगितलं होतं, तो घासला होता.

त्या फटीत भोरड्यांचा एक मोठा थवा पलीकडच्या ताटांवर उतरला. आत्या उठली. कमरेची गोफण काढली, ढेकूळ घातलं, डोक्यावरून दोनदा गरकन फिरवली आणि सोडली. ‘हाऽऽ हाऽऽ!’ थवा एकदम उठला आणि काळा ढग फिरावा तसा वळून ओढ्यापलीकडे गेला. जाता जाता ढेकळाचा एक तुकडा डब्याला लागून डबा बांधाखाली गेला. तो मुद्दाम मारला की चुकून, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

“ह्ये बी तुमच्या पॅरिसात हाय का?” तिने विचारलं आणि ती पुन्हा सूप घेऊन बसली.

ब्रेक निवल्यावर तिनेच काठीने राखेतून उकरून काढला. पदराने पुसला. भोकं बघितली, उभा करून पाहिला, तो नीट उभा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या देवघरात विठोबाच्या फोटोपुढे होता. वरच्या भोकात एक, बाजूच्या तिरप्या भोकांत चार, अशा पाच अगरबत्त्या डौलात जळत होत्या. भाचा बघत राहिला.

“आत्याआजी, तो सीएनसीवर केलेला हाय!”

“आसंल बाबा. देवाला सगळं चालतं.”

सौभाग्यवतींना तो इतका पसंत पडला की तुळशीसाठी आणखी एक हवा झाला. आमच्या घरात भाच्याने मागवलेल्या वस्तूला अशी मागणी पहिल्यांदाच आली होती, त्याने लगेच फोनवर ऑर्डर दिली. पार्सल आलं. चार दिवसांनी कंपनीने माल कसा वाटला म्हणून विचारलं, तर सौभाग्यवतींनी चष्मा लावून स्वतः पाच तारे दाबले आणि खाली लिहिलं : ‘माल मजबूत. राख फरशीवर सांडत नाही. उदबत्ती कलंडत नाही. पितळेत असल्यास कळवावे.’